मोटरहोम, तिच्या पाठीवरची कार्ट आणि ऑरिनचा हिवाळा

मी, आर्डिथ मे टोलफसन, वय वर्षे सत्त्याहत्तर, ऑरिन टोलफसन यांची पत्नी, मूळ राहणार व्हेटस्टोन, साउथ डकोटा, आणि ऑक्टोबरअखेर ते मार्चअखेर राहणार मेस्किट ग्रोव्ह वसाहत, जागा क्रमांक ११४, दक्षिण टेक्सास, आज पूर्ण शुद्धीत, पोटभर नाश्ता करून आणि चष्मा पुसून हे लिहायला बसले आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. ज्यांना याबद्दल शंका असेल त्यांनी माझ्याबरोबर पत्त्यांचा एक डाव खेळून खात्री करून घ्यावी.

हे लिहायला मला कोणी भरीस पाडलेलं नाही. उलट ऑरिनचा विरोधच होता. तो म्हणाला, "मृत्युपत्र लिहिलं की माणूस जातो. माझ्या बापाचं तेच झालं." त्याचा बाप मृत्युपत्र लिहिल्यानंतर एकोणीस वर्षांनी गेला, पण ऑरिनशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नाही.

यापूर्वी १९९८ साली मी केलेलं मृत्युपत्र याद्वारे रद्द करते. त्यात शेत, दोन ट्रॅक्टर आणि एक घोडा यांची वाटणी होती. त्यांतलं आता काहीच उरलेलं नाही. घोडा तर सगळ्यांच्या आधी गेला.

कलम १. व्हेटस्टोनचं घर. हे घर आणि त्यामागची मोकळी जागा आमचा एकुलता एक मुलगा कर्टिस याला द्यावी. त्याने ते विकलं तरी माझी हरकत नाही. छप्पर उत्तरेकडून गळतं, हे घेणाऱ्याला आधी सांगावं. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तळघरातल्या मोठ्या फ्रीजरमध्ये तळाशी पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं जे काही आहे ते हरणाचं मांस आहे आणि ते २०१४ सालचं आहे. ते कोणी खाऊ नये, आणि ऑरिनला तर ते दाखवूही नये, कारण तो खाईल.

कलम २. बँकेत जे आहे ते ऑरिनचं. त्यातून आधी त्याची औषधं, मग मोटरहोमचं, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घराचं, डिझेल, मग इतर सगळं. हा क्रम कोणी बदलू नये.

कलम ३. किरकोळ वस्तू. माझं शिवणयंत्र आणि सगळ्या गोधड्या सून जॅनेल हिला. तिला शिवता येत नाही, पण शिकायचं वय अजून गेलेलं नाही. बटाट्याच्या पातळ पोळ्या लाटायचं खाचांचं लाटणं माझी नणंद ग्लॅडिस हिला परत द्यावं. गेली चाळीस वर्षं ती म्हणते आहे की ते तिच्या आईचं होतं आणि मी ते लग्नानंतर पहिल्याच नाताळात उचललं. ते तिच्या आईचंच होतं आणि मी उचललंच होतं. मी मेल्यावरच हे तिला कळावं, कारण त्याआधी कळलं तर नाताळचं जेवण करायची सोय राहणार नाही.

वसाहतीच्या सभागृहातलं मोठं कॉफीचं पिंप मी दिलेलं आहे. ते परत मागू नये. फक्त शनिवारच्या पॅनकेकच्या नाश्त्याला हार्लन प्राइबे त्यात कॉफी कमी आणि पाणी जास्त घालतो, ते थांबवावं. हार्लन या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार आहे, तेव्हा त्याने हे वाचलंच असेल.

कलम ४. आता मुद्द्याचं. हा सगळा कागद मी ज्या एका गोष्टीसाठी लिहिते आहे ती म्हणजे ऑरिनचा हिवाळा. मी गेले तरी ऑरिनने दर हिवाळ्यात टेक्सासला यावं, आणि येताना त्याची कार्ट, म्हणजे विजेवर चालणारी छोटी उघडी गाडी, त्याच्याबरोबर असावी. बाकीची कलमं हरवली तरी चालतील.

हे असं का, ते लिहून ठेवते, म्हणजे कर्टिसने "आई त्या वेळी भ्रमात होती" असं म्हणू नये.

ऑरिनचा उजवा पाय २००७ साली धान्य वर चढवायच्या यंत्राच्या मळसूत्रात गेला. गुडघ्याच्या वरपासून. त्यानंतरचे दोन हिवाळे तो व्हेटस्टोनच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून होता. बाहेर बर्फ, दारापासून रस्त्यापर्यंत निसरडं, कृत्रिम पाय दारामागे टांगलेला. जो माणूस गावात सगळ्यांची यंत्रं जोडून द्यायचा, ज्याला गप्प बसवायला पाद्रीलाही दोनदा खोकावं लागायचं, तो दिवसाला चार वाक्यं बोलायला लागला. त्यांतली दोन हवामानाबद्दल असायची. मला भीती वाटली. इतकी भीती मला त्याचा पाय गेला त्या दिवशीही वाटली नव्हती.

२००९ च्या शरदात मी शेताचा शेवटचा तुकडा विकला आणि एक जुनी छत्तीस फुटी मोटरहोम घेतली. ऑरिन म्हणाला, "आणि चालवणार कोण?"

मी म्हटलं, "आतापर्यंत धान्याचा ट्रक कोण चालवत होतं? तुझी मावशी?"

इथे वसाहतीत आल्यावर पाहिलं तर सगळेच गोल्फच्या कार्टमधून फिरत होते. गोल्फ कोणी खेळत नाही. सभागृहाला जायचं, कपडे धुवायला जायचं, कचरा टाकायला जायचं, शेजारणीने काय शिजवलं ते बघायला जायचं, सगळं कार्टमधून. ऑरिनने दुसऱ्या वर्षी एक वापरलेली कार्ट घेतली आणि पायाऐवजी हाताने चालवायची दांडी तिला स्वतः बसवली. पहिल्या दिवशी तो सकाळी बाहेर पडला तो जेवायलाच परत आला, आणि जेवताना इतकं बोलला की मी ऐकता ऐकता दोनदा रस्सा वाढून घेतला.

तेव्हापासून वसाहतीची टपाल वाटणी त्याच्याकडे आहे. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांची ने-आण त्याच्याकडे आहे. शिवाय इथला एक रिवाज आहे. एकट्या राहणाऱ्याने सकाळी नऊच्या आत खिडकीचा पडदा वर करायचा. नाही केला तर ऑरिन दारात जाऊन हॉर्न वाजवतो, आणि तरीही नाही केला तर आत जातो. अशा तीन माणसांना त्याने वेळेवर दवाखान्यात पोचवलं आहे, आणि एकीला आंघोळ करताना भेटला आहे. ती अजून त्याच्याकडे बघत नाही.

कर्टिसने मागच्या महिन्यात फोनवर सांगितलं की त्याने वडिलांसाठी सू फॉल्समध्ये एक वृद्धांची निवासी इमारत पाहून ठेवली आहे. मुलगा वाईट नाही, त्याला काळजी आहे, हे मी इथे मुद्दाम लिहिते.

"आई, तिथे सगळं आहे. लिफ्ट आहे, नर्स आहे, जेवण वेळेवर. बाबांना काही हलावंच लागणार नाही."

"बसणार कुठे तो?"

"अगं, दुसऱ्या मजल्यावर खोली आहे. इतकी मोठी खिडकी आहे!"

"म्हणूनच नको," मी म्हटलं आणि फोन ठेवला. त्याला वाटलं लाइन तुटली. नव्हती तुटली.

म्हणून: मोटरहोम आणि कार्ट ही दोन्ही ऑरिनच्या मालकीची राहतील. जोवर ऑरिन "चला" म्हणतो आहे तोवर कर्टिसला, जॅनेलला किंवा कुठल्याही डॉक्टरला ती विकता येणार नाहीत.

कलम ५. मोटरहोम चालवण्याचा हक्क मी जागा क्रमांक ९७ मधले डेल्मर व्हॉस, मूळ राहणार नेब्रास्का, यांना देते.

हे वाक्य वाचून वसाहतीत ज्यांच्या हातून कॉफी सांडेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा. होय, तोच डेल्मर. त्याच्याशी माझं बारा वर्षांचं वैर आहे आणि ते या कागदाने संपत नाही.

वैराची सुरुवात अशी. कार्ट घेतल्यावर ती उत्तरेला न्यायची कशी हा प्रश्न आला. मोटरहोमच्या मागे ट्रेलर जोडला तर मला गाडी मागे घेता येणार नाही असं ऑरिनचं म्हणणं. मग त्याने मोटरहोमच्या पाठीलाच एक लोखंडी मचाण जोडलं. बाजूने दोन फळ्या लावायच्या, कार्ट आडवी वर चढवायची, पट्ट्यांनी करकचून बांधायची. ऑरिन आठ दिवस ठिणग्या उडवत होता आणि सगळी वसाहत बघायला येत होती. डेल्मर आला, त्याने मचाणाखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "अर्धा टन पाठीवर टांगलास, ऑरिन. पुढची चाकं रस्ता सोडतील. आणि हे लोखंड ओक्लाहोमा ओलांडणार नाही."

इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे तो म्हणाला, "त्यात पुन्हा चालवणार बाईमाणूस."

मी तिथेच उभी होते. हातात त्याच्यासाठीच आणलेला पाईचा, म्हणजे फळं भरून भाजलेल्या गोड पोळीचा, तुकडा होता. तो मी त्याच्यासमोर उभी राहून स्वतः खाल्ला.

आता जे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही ते लिहिते. डेल्मरचं बरोबर होतं. टेक्सास संपेपर्यंत स्टिअरिंग माझ्या हातात इतकं हलकं झालं होतं की मी नुसता विचार केला तरी गाडी वळत होती. आणि मचाण ओक्लाहोमात, सीमा यायला चाळीस मैल उरले असताना, तडकलं. मागून डेल्मर आणि त्याची बायको बर्निस त्यांच्या गाडीतून येत होती. दोघं थांबली. डेल्मरने साखळी काढली, दोघा पुरुषांनी मिळून मचाण बांधलं आणि पुढच्या शरदात त्याखाली दोन फिरती चाकं बसवली. तेव्हापासून भार चाकांवर जातो आणि पुढची चाकं जमिनीवर राहतात. ती कल्पना डेल्मरची. ऑरिन ती स्वतःची म्हणून सांगतो, ते खोटं आहे.

बर्निसने त्या दिवशी रस्त्याच्या कडेला मला सॅन्डविच करून दिलं. डेल्मरच्या चेहऱ्यावर 'मी म्हटलं नव्हतं?' असं छापलेलं होतं.

शिवाय ते आकड्यांचं प्रकरण. ऑक्टोबरात कोणीही वसाहतीत आलं की जुने रहिवासी खुर्च्या टाकून बसतात आणि नवा माणूस गाडी मागे घेत जागेत कशी लावतो ते बघतात. इतर लोक बीअर पितात, हात हलवतात, टाळ्या वाजवतात. डेल्मर पुठ्ठ्यावर दहापैकी आकडा लिहून वर धरतो. मला पहिल्या वर्षी तीन मिळाले. सगळ्यांत जास्त सात, तेही बर्निसने त्याला कोपर मारलं म्हणून. बर्निस दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर त्याने स्वतःची मोटरहोम विकली आणि तो बारा महिने इथेच, आपल्या पत्र्याच्या घरात राहतो, उन्हाळाही एकटाच काढतो.

कलम ६. डेल्मरसाठी सूचना. या त्याने तंतोतंत पाळाव्यात. चाळीस वर्षं गुरांचे ट्रक चालवले म्हणून सगळं कळतं असं नाही.

कार्ट चढवताना दांडी ऑरिनच्याच हातात द्यावी. मध्ये बोलू नये. त्याला ते जमतं आणि जमतं हे त्याला लोकांनी बघायला हवं असतं. उतरताना त्याला खांदा द्यावा, हात देऊ नये. हात दिला की रागावतो.

पट्ट्या चार. आधी पुढच्या, मग मागच्या, मग पन्नास मैलांवर थांबून पुन्हा चारही. कार्टचा विजेचा खटका बंद असल्याची खात्री करावी. सीटची गादी नुसती ठेवलेली असते, ती वेगळी बांधावी. आमची पहिली गादी कॅन्ससमधल्या सलायनाच्या अलीकडे उडून एका पोलिसाच्या गाडीवर बसली. पोलीस चांगला होता. गादी त्याने परत आणून दिली आणि दंडाची पावतीही तिच्यावरच ठेवून दिली.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. गाडी सुरू करण्याआधी ऑरिन कुठे आहे ते डोळ्यांनी बघावं. हाक मारून चालणार नाही, कारण हाकेला तो कुठूनही "हो" म्हणतो. २०१५ साली कॅन्ससमध्ये एका थांब्यावर मी त्याची पाई बंद केली होती, रक्तातल्या साखरेमुळे. दुकानातून मी परत आले, "ऑरिन, आहेस ना?" म्हणून ओरडले, "हो" ऐकलं आणि निघाले. मला वाटलं मागच्या पलंगावर आडवा झालाय. तो मचाणावर, कार्टमध्ये बसून चोरून पेकानची, म्हणजे अक्रोडासारख्या दाण्यांची, पाई खात होता.

अकरा मैल मी त्याला तसाच घेऊन गेले. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, दिवे लावत होते, शेजारून जाताना हातवारे करत होते. मला वाटलं, कॅन्ससची माणसं किती प्रेमळ, आणि मी प्रत्येकाला हात केला. मागचा कॅमेरा त्या वर्षी बंद होता. शेवटी एका ट्रकवाल्याने मला बाजूला घेतलं. मी धावत मागे गेले. ऑरिन दोन्ही हातांनी खांब धरून बसला होता, टोपी गेली होती, मिशीत पेकान होते.

"अरे, ओरडायचंस तरी!"

"ओरडलो की. पहिले दोन मैल." मग म्हणाला, "नंतर हवा छान होती."

ही गोष्ट वसाहतीत त्यानेच सांगितली. त्या वर्षीच्या नाताळच्या मिरवणुकीत डेल्मरने स्वतःच्या कार्टच्या मागे एक बाहुला बांधून आणला, हातात पाई घेतलेला. ऑरिन सर्वांत मोठ्याने हसला. मी आठवडाभर दोघांशी बोलले नाही.

कलम ७. डेल्मरची संमती. फेब्रुवारीत एका दुपारी मी त्याच्याकडे ग्रेपफ्रूटची पाई घेऊन गेले. त्याने जाळीच्या दारातूनच विचारलं, "विष कितीसं घातलंयस?"

"तुला पुरेल एवढं. दार उघड."

बसल्यावर मी सरळ सांगितलं. मी गेल्यावर ऑरिनला शरदात इथे आणायचं, वसंतात घरी न्यायचं, कार्ट पाठीवर घेऊन. वाटेत राहायची सोय आमच्या गाडीतच, उत्तरेला उन्हाळाभर आमच्याच अंगणात मोटरहोममध्ये राहावं, म्हणजे इथल्या उकाड्यात एकट्याने शिजायला नको. आणि ऑरिननंतर मोटरहोम त्याची.

त्याने पाईचा आणखी एक तुकडा घेतला. मग म्हणाला, "हार्लनला का नाही विचारलंस? तो तुझं कौतुक करतो."

"म्हणूनच. माझ्या चुका तूच मोजल्यास. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. ऑरिनला न्यायचं तर मोजणाराच माणूस पाहिजे."

"बाईमाणूस म्हटलं होतं ते अजून मनात ठेवलंयस?"

"मृत्युपत्रात लिहिणार आहे."

"मग लिही की मी म्हटलं, चूक झाली." त्याने बशी बाजूला ठेवली. "पण एक सांग, आर्डिथ. तू गेल्यावरचं सगळं ठरवलंस. पुढच्या महिन्याचं काय? उत्तरेला कोण नेणार?"

"मीच नेणार."

"यंदा मी तुला आकडा दाखवला नाही. विचारलं पण नाहीस का ते."

"विसरलास."

"मी विसरत नाही. तू गाडी मागे घेताना दोनदा थांबलीस. बारा वर्षांत तू कधी थांबली नाहीस. खांबाला घासशील पण थांबणार नाहीस. काय झालंय गं तुला?"

मी उठले आणि रिकाम्या हातांनी घरी आले. पाई अर्धी उरली होती, ती तिथेच राहिली.

कलम ८. कबुली. या कलमात देण्यासारखं काही नाही, पण हे लिहिल्याशिवाय बाकीच्या कागदाला अर्थ नाही.

गेल्या ऑक्टोबरात येताना, कॅन्ससमध्ये, सरळ रस्त्यावर, भर दुपारी, मला डाव्या हाताला एक धान्याची कोठी दिसली. त्यानंतर मला आठवतो तो पूल. मधला रस्ता माझ्याजवळ नाही. कडेच्या खाचांवर चाक गेल्याचा खडखडाट झाला आणि मी परत आले. ऑरिन शेजारच्या खुर्चीत बसून ग्लॅडिसच्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होता. त्याचं बोलणं एका शब्दानेही तुटलेलं नव्हतं. मी मनात म्हटलं, देवाची कृपा, याला कळलं नाही.

जानेवारीत इथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की माझं हृदय मध्येच ठोका विसरतं. औषध दिलं. आणि म्हणाल्या, गाडी चालवायची नाही. मी विचारलं, लहान की मोठी? त्यांना ते विनोदी वाटलं नाही.

मी हे कोणालाही सांगितलं नाही. कारण सरळ होतं. मी चालवायची थांबले की कर्टिस येणार, मोटरहोम विकली जाणार आणि ऑरिन दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत. मी ठरवलं, आणखी एक खेप. फक्त एक. तीनशे मैलांऐवजी रोज शंभरच करायचे. स्वतःला मी हे इतक्यांदा सांगितलं की पटलं.

डेल्मरकडून आल्यानंतर मला झोपण्यापुरतीही शांतता मिळेना. महिनाभर मी वस्तूंच्या याद्या करत बसले. शनिवारी सकाळी, ऑरिन टपाल वाटून आल्यावर, मी त्याला टेबलाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. कोठी, पूल, डॉक्टर, सगळं. म्हटलं, तुझा जीव मी पणाला लावला आणि तुला सांगितलंही नाही. मला माफ कर.

त्याने स्वतःची काठी उचलून टेबलावर ठेवली.

"हिच्या आकड्याने ओढलं मी स्टिअरिंग," तो म्हणाला. "तुझी मान खाली गेली तेव्हा. खाचांवरून परत आत मीच घेतली गाडी."

मी काठी हातात घेतली. "तू तर बोलत होतास."

"बोलत राहिलो. थांबलो असतो तर तू दचकली असतीस, आणि ब्रेक दाबला असतास. मागे कार्ट होती, गेलो असतो आडवे."

"मग नंतर का नाही बोललास? पाच महिने झाले, ऑरिन!"

ऑरिनने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कार्ट उभी होती. "बोललो असतो तर तू चावी ठेवली असतीस. आणि मला पुन्हा त्या खिडकीत बसावं लागलं असतं. म्हणून गप्प बसलो, आर्डिथ. तुझा जीव जाऊ शकत होता आणि मी माझ्या हिवाळ्याचा विचार केला. मला लाज वाटते त्याची."

त्रेपन्न वर्षांच्या संसारात आम्ही दोघं एकाच गोष्टीसाठी एकाच वेळी एकमेकांशी खोटं बोललो, आणि ती गोष्ट आम्हा दोघांना मारायला पुरेशी होती. आम्ही आधी रडलो. मग त्याने विचारलं की पाई आहे का. मी त्याला दिली, मोठा तुकडा.

कलम ९. शेवटचं. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं हे मला माहीत आहे. या कागदातली इतर कलमं त्या दिवसाची वाट पाहतील, आणि मी त्यांना बरीच वाट पाहायला लावणार आहे. पण कलम ५ मी मेल्यावर लागू करून उपयोग नाही. ते मी जिवंतपणी, आज, सही करण्यापूर्वीच अमलात आणते आहे. मोटरहोमची किल्ली मी डेल्मर व्हॉस याच्या हातात दोन्ही साक्षीदारांसमोर दिली. त्याने ती घेतली आणि खिशात टाकली. मग तो खिसा दोनदा चाचपून पाहिला, हे नोंद करण्यासारखं आहे.

कर्टिसला मी काल फोन करून सगळं सांगितलं, माझ्या हृदयासकट. तो ओरडला, मग म्हणाला, "तो डेल्मर नीट चालवतो ना गं?" मी म्हटलं, माझ्यापेक्षा सावकाश. ते खोटं नाही.

शुक्रवारी सकाळी निघायचं आहे. डेल्मर चालवेल. मी आणि ऑरिन त्याच्या मागच्या बाकावर शेजारी शेजारी बसणार आहोत. चौदा वर्षांत हा सगळा रस्ता मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून पाहिला. या वेळी माझे दोन्ही हात मोकळे आहेत, आणि त्यांतला एक ऑरिनने आत्ताच मागून ठेवला आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला, आणि ऑरिनने तीन ठिकाणी हरकत घेतली तरी एक अक्षर बदललेलं नाही.

सही: आर्डिथ मे टोलफसन

साक्षीदार:

१. यॉलांडा सेपुल्वेदा, व्यवस्थापक, मेस्किट ग्रोव्ह. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या शुद्धीत होत्या आणि मला माझ्या कार्यालयाचा पंखा दुरुस्त करायला सांगत होत्या.

२. हार्लन प्राइबे, जागा क्रमांक ११६. सही माझ्यासमोर झाली. कॉफीबद्दलचा मजकूर मला मान्य नाही.

डेल्मर व्हॉस यांना या कागदातून लाभ मिळत असल्याने त्यांची साक्षीदार म्हणून सही घेतलेली नाही.

स्थळ: जागा क्रमांक ११४, मेस्किट ग्रोव्ह वसाहत, दक्षिण टेक्सास
दिनांक: २८ मार्च २०२३, मंगळवार, सकाळी साडेदहा